बाउंड्री डॅम की पेट्रा नोव्हा?

कोळशाच्या धुरातला कार्बन डायऑक्साइड अमाइनच्या (हा वायू धरून ठेवणाऱ्या रसायनाच्या) द्रावणात शोषायचा, वाफेने तापवून सोडवायचा आणि दाबाखाली जमिनीत खोल सोडायचा. बाउंड्री डॅम आणि पेट्रा नोव्हा या कोळशावरच्या वीजकेंद्रांचा कार्बन पकडणाऱ्या दोन्ही प्रकल्पांत कृती हीच. फरक आहे तो वाफ कुठून आणायची यात.

कॅनडातल्या सस्कॅचेवानमधील बाउंड्री डॅमने (२०१४) ती त्याच वीजसंचातून घेतली. साहजिकच विकायला उरणारी वीज घटली. टेक्सासमधल्या पेट्रा नोव्हाने (२०१७) त्यासाठी वेगळा गॅस टर्बाइन उभारला. वीजकेंद्राचं उत्पादन शाबूत राहिलं, पण त्या टर्बाइनचा स्वतःचा धूर न पकडताच आकाशात गेला! हिशेब मांडताना हे सोयीस्करपणे विसरलं जातं.

दोन्हींनी पकडलेला कार्बन डायऑक्साइड मुख्यतः जुन्या तेलविहिरींमधलं उरलंसुरलं तेल वर काढायलाच वापरला गेला. २०२० मध्ये तेलाचे भाव कोसळले, तसा पेट्रा नोव्हा बंद पडला. पुन्हा सुरू झाला तो थेट २०२३ मध्ये. बाउंड्री डॅम अडखळत, वर्षाला १० लाख टनांच्या उद्दिष्टाच्या मागे राहत, पण चालू राहिला. शिवाय त्याचा थोडा वायू तेलाशी संबंध नसलेल्या, तीन किलोमीटरांहून खोल खारट पाण्याच्या थरातही जातो. माझं मत त्यालाच.