तार नाही म्हणजे वायफाय नव्हे

आईला सकाळी नाट्यगीतं लागतात. आमचं घर डिचोलीचं, जुनं, चिऱ्याच्या भिंती हातभर जाड. माझा मोबाईल साडेसातला माझ्याबरोबर कदंबाच्या बसमध्ये बसून पणजीला जातो. म्हणजे मी गेल्यावर घरात गाणं बंद. म्हणून वायफाय स्पीकर घ्यायचा ठरवला, कारण तो इंटरनेटवरून गाणं स्वतः ओढतो. मोबाईलवरून एकदा लावून दिलं, की मोबाईल घरात असो वा पणजीत.

शुक्रवारी म्हापशाला गेलो होतो, तिथे एका दुकानात खोक्यावर ठळक ‘वायफाय साउंड, ८० वॉट’ दिसलं. छापील किंमत ९,९९९ रुपये, मला ३,५०० ला. नक्की वायफायच ना, असं विचारलं तर दुकानदार हसला. ‘तार दिसता खंय तुमकां?’ त्याने आपल्याच मोबाईलवरून अभिषेकीबुवांचं पद लावलं. आवाज सुरेख. मी लगेच पाघळलो. पावती मिळाली ती साध्या चिठ्ठीवर, ‘स्पीकर १ नग’, खाली शिक्का: विकलेला माल परत घेतला जाणार नाही.

घरी आणून लावला आणि घरच्या वायफायचा पासवर्ड टाकायची जागा शोधत बसलो. ती कुठेच नव्हती. मोबाईलला फक्त ब्लूटूथवर सापडला. राउटरच्या यादीत दोन मोबाईल आणि टीव्ही, स्पीकरचा पत्ता नाही. मोबाईल घेऊन ओसरीवर आलो तर मधल्या एका भिंतीतच गाणं अडखळायला लागलं. तेवढ्यात फोन आला, तर रिंग स्पीकरमधून!

मग खोकं उलटं केलं. हे दुकानात करायला हवं होतं. मागे मुंगीएवढ्या अक्षरांत: ब्लूटूथ ५.०, यूएसबी, एफएम. वायफायचं नावही नाही. बीआयएसच्या, म्हणजे भारतीय मानक ब्युरोच्या, चिन्हाखाली ‘आर’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असतो, तोही नाही. तो असता तर बीआयएस केअर ॲपमध्ये टाकून लगेच कळलं असतं की कोणत्या मालाची नोंदणी आहे. आणि चार्जिंगला ५ व्होल्ट, २ अँपिअर, म्हणजे १० वॉट. १० वॉट खाणारा डबा तासन्‌तास ८० वॉट कुठून ओकणार? असे आकडे बहुधा क्षणभराच्या कमाल ताकदीचे असतात. ‘आरएमएस’ (सतत मिळणारी ताकद) लिहिलं असेल तोच आकडा वाचायचा.

पुढच्या शुक्रवारी परत गेलो. ‘ब्लूटूथ काय, वायफाय काय, दोन्ही वायरलेसच!’ आणि शिक्क्याकडे बोट. मी मुकाट्याने परत आलो, याचा राग अजून आहे. कारण नंतर वाचलं की २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात रीतसर बिल न देणं हीच अनुचित व्यापार प्रथा आहे. दोषी माल बिलात लिहिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिली नसेल तर ३० दिवसांत, परत न घेणंही तसंच. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते, आणि ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला जिल्हा ग्राहक आयोगात शुल्क नाही. पण माझ्या चिठ्ठीवर ना दुकानाचं नाव, ना मॉडेल. मी हे वाचेपर्यंत महिना उलटून गेला होता.

तुम्ही घ्यायला गेलात तर दुकानदाराच्या मोबाईलचं ब्लूटूथ बंद करायला लावा. तरी गाणं वाजलं पाहिजे. मग मोबाईल घेऊन त्याला रस्त्यावर पाठवा. गूगलची ‘कास्ट’ किंवा ‘स्पॉटिफाय कनेक्ट’ ही सोय, म्हणजे मोबाईलने फक्त हुकूम द्यायचा आणि गाणं स्पीकरने स्वतः ओढायचं, असलेला खरा वायफाय स्पीकर तेव्हाही गात राहील. ॲपलच्या ‘एअरप्ले’ सोयीचं गाणं बहुतेक वेळा आयफोनमधूनच जातं, त्यामुळे आमच्या कामाला तेही आलं नसतं. आणखी एक: बरेच स्वस्त वायफाय स्पीकर वायफायच्या दोन पट्ट्यांपैकी फक्त २.४ गिगाहर्ट्झवर चालतात. घरचा राउटर ५ गिगाहर्ट्झवरच ठेवला असेल तर चांगला स्पीकरही मुका राहतो. तेव्हा दुकानदाराला उगीच शिव्या घालू नका.

तूर्तास मी पेनड्राइव्हवर आईची गाणी भरून दिली आहेत. बटण दाबलं की पेनड्राइव्ह वाचायच्या आधी आतली बाई इंग्रजीत ओरडते, ‘ब्लूटूथ मोड!’ पहाटे सहाला, देवघराशेजारी. आई रोज म्हणते, ‘उठली बघ तुझी साडेतीन हजारांची!’