पाऊण तासात १८ हेपा? पीएओ टेस्टिंगची एजन्सी बदलली त्याचा अनुभव

आमचा बोईसरला छोटा इंजेक्टेबल (इंजेक्शनच्या औषधांचा) प्लांट आहे, फिलिंग एरियात सगळे मिळून १८ टर्मिनल हेपा (हवा गाळणारे छतातले शेवटचे फिल्टर), मी तिथे मेंटेनन्स बघतो. ह्या वेळी पीएओ टेस्टची (तेलाचा धूर सोडून फिल्टर कुठे गळतो ते बघायची) एजन्सी बदलली त्याचा हा रिव्ह्यू. नावं देत नाही, जुन्यांचंही नाही आणि नव्यांचंही नाही, आमचे क्यूएवाले (क्वालिटीवाले) सगळं वाचत असतात.

आधी जुन्यांचं. दोन पोरं यायची, फोटोमीटर (धूर मोजायचं मशीन) लावायची, फिल्टरखाली प्रोब असा फिरवायची जसं काही भिंतीला चुना मारतायत, आणि पाऊण तासात १८ उरकून चहाला बाहेर. रिपोर्ट मात्र चकाचक, सगळीकडे ०.००१ नाहीतर ०.००२ टक्के गळती, पास पास पास. खोटं कशाला बोलू, मला पण बरंच वाटायचं, एरिया लवकर ताब्यात मिळतो, प्रॉडक्शनवाले ओरडत नाहीत. मग एकदा सहज हिशोब करून बघितला. प्रोब ३ सेमी रुंद, स्पीड सेकंदाला ५ सेमीच्या वर जायचा नाही, फिल्टर ६१० बाय ६१० मिमी. म्हणजे २० पट्टे, एकेका पट्ट्याला १२ सेकंद, झाली ४ मिनिटं, आणि ह्यात ओव्हरलॅप नाही की कडेचं गास्केट नाही. १८ फिल्टरला सव्वा तास नुसता हात फिरवण्यातच जातो. त्यांनी पाऊण तासात कसं बसवलं ते त्यांनाच ठाऊक.

नवीन एजन्सीकडून एक पन्नाशीचे काका आणि एक हेल्पर आला. न मागता आधी फोटोमीटरचं कॅलिब्रेशन सर्टिफिकेट समोर ठेवलं, सिरीयल नंबर मशीनवरच्या नंबराशी मला जुळवायला लावला. मग एएचयूच्या (हवा पुरवणाऱ्या युनिटच्या) सक्शनला जनरेटर लावून तेलाचा धूर सोडला (पीएओच असतं, पण आमच्याकडे अजून सगळे डीओपी टेस्टच म्हणतात, डीओपी हे जुनं तेल जाऊन जमाना झाला तरी), आणि प्रत्येक फिल्टरच्या मागच्या पोर्टवरून अपस्ट्रीम (फिल्टरच्या वरचा धूर) मोजल्याशिवाय खाली प्रोबला हातच लावला नाही. लिटरला १० ते १०० मायक्रोग्रॅमच्या मध्ये पाहिजे, तेच १०० टक्के धरायचं आणि खाली त्याच्या ०.०१ टक्क्याच्या वर काही सापडलं की फेल. वर पुरेसा धूरच पोचला नसेल तर खाली झिरो येणारच ना, त्यात काय मोठं!

११ नंबरला, स्टॉपर बाऊलच्या (रबरी बुचं ठेवायच्या भांड्याच्या) बरोबर वरच्या कोपऱ्यात, मशीन बीप करायला लागलं. काका थांबले, हात मागे घेतला, परत त्याच जागी इंचभर खाली प्रोब धरून ठेवला. ०.०६. मी लगेच म्हटलं काका सिलिकॉन मारून टाकू, तर हसले, "साहेब, फिल्टरचा कागद कुठे फाटलाय? हवा कडेनं येतेय, सिलिकॉन लावणार कुठे?" फिल्टर उतरवला तर कोपऱ्यातलं गास्केट पार चेपून वळलेलं, कारण गेल्या वर्षी बदलताना आमच्याच माणसाने एका बाजूचा क्लॅम्प आधी पूर्ण आवळला आणि मग बाकीचे. समोरासमोरचे थोडे थोडे आवळत जायचं असतं, हे मला माहीत होतं, त्याला सांगितलं नव्हतं. फिल्टर एच१४, म्हणजे सगळ्यात निसटणाऱ्या साइजच्या कणांवरही ९९.९९५ टक्के, कंपनीचं सर्टिफिकेट फाइलला आहे, पण जी हवा फिल्टरमधून जातच नाही तिला ते सर्टिफिकेट काय करणार. गास्केट बदललं, परत स्कॅन, ०.००२. आणि बदलल्यानंतर जुन्यांनी टेस्ट केली होती तेव्हाच्या रिपोर्टमध्ये ह्याच ११ नंबरला ०.००१ लिहिलंय. त्यावरून पुढे डिव्हिएशन (चुकीची नोंद आणि चौकशी), बॅचेसचा रिव्ह्यू वगैरे जे झालं ते इथे नको, दोन आठवडे घरी वेळेवर गेलो नाही एवढंच.

आता तक्रारी. रिटेस्टचे पैसे वेगळे लावले आणि ते कोटेशनमध्ये अगदी बारीक अक्षरात होते, आधी नीट विचारून घ्या. रिपोर्ट तीन दिवसांत म्हणाले, आठव्या दिवशी आला, त्यात दोन रूमचे नंबर अदलाबदल झालेले, परत पाठवावा लागला. रेट जुन्यांच्या जवळपास दीडपट. आणि पूर्ण दिवस एरिया अडकतो, सकाळी नऊला सुरू केलेलं संध्याकाळी सहाला संपलं, प्रॉडक्शन मॅनेजरचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

पाचपैकी चार स्टार. एक रिपोर्टसाठी कापला.

नवीन अॅनेक्स १ (स्टेराइल औषधांसाठीचा युरोपियन नियम) प्रमाणे ग्रेड ए आणि बी (सगळ्यात स्वच्छ एरिया) दर ६ महिन्यांनी करावंच लागतं, तर पुढच्या वेळचीही ऑर्डर ह्यांनाच दिलीय, फक्त तेच काका येणार असं मेलवर लिहून घेतलंय.