आर्केड कॅबिनेटला कुठली एलईडी पट्टी: साधी की अ‍ॅड्रेसेबल?

आर्केड कॅबिनेट म्हणजे उभं राहून खेळायच्या व्हिडिओ गेमचं कपाट. त्याला साधी १२ व्होल्टची आरजीबी (लाल-हिरवा-निळा) पट्टी जोडायला सोपी. पण रंग बदलला की अख्ख्या पट्टीचा बदलतो. डब्ल्यूएस२८१२बी या अ‍ॅड्रेसेबल पट्टीत प्रत्येक दिव्याचा रंग वेगळा ठेवता येतो, कडेने रंग पळवता येतात. हौसेला मोल नसतं म्हणतात, इथे ते अँपिअरमध्ये मोजावं लागतं: पूर्ण पांढऱ्यावर एक दिवा ५ व्होल्टला साधारण ६० मिलिअँपिअर खेचतो, म्हणजे ६० दिव्यांना ३.६ अँपिअर. मी एकाच टोकाला वीज दिली, तर शेवटचे दिवे पिवळट पडले. दुसऱ्या टोकालाही तारा ओढल्यावर जमलं.

वरच्या नावाच्या पाटीमागे मात्र साधी पांढरी पट्टीच बरी, नाचरे रंग चित्राची वाट लावतात. आणि बाजू चकचकीत काळ्या रंगवल्या असतील, तर दिव्यांचा एकेक ठिपका त्यात उमटतो. मॅट रंगावर उजेड मऊ पसरतो.