वेग झकास, पत्ता मात्र रोज नवा

नाशिकला आमच्याकडे आठ महिन्यांपासून एका स्थानिक कंपनीचं फायबर आहे. १०० एमबीपीएस सांगितले, तेवढे मिळतात. वायर तुटली तेव्हा लाइनमन दादा भर पावसात येऊन जोडून गेले, त्यांना मनापासून धन्यवाद.

तक्रार आहे ती आयपी पत्त्याची, म्हणजे इंटरनेटवर आपलं कनेक्शन ओळखणाऱ्या क्रमांकाची. जुन्या आयपीव्ही४ पद्धतीचे पत्ते जेमतेम ४३० कोटी, ते कधीच पुरेनासे झाले. राउटरवर १००.६४ने सुरू होणारा पत्ता दिसतो, म्हणजे बाहेरचा खरा पत्ता अनेक ग्राहकांत मिळून एक. त्यामुळे ऑफिसातून घरचा कॅमेरा थेट उघडत नाही, आणि घरी आई एकटी असते.

म्हणून पत्त्यांच्या नव्या पद्धतीचं आयपीव्ही६ मागून घेतलं. दिलं, पण एकच /६४, म्हणजे एका नेटवर्कपुरता पत्त्यांचा गट. त्यात उपकरणं हवी तेवढी जोडा, नेटवर्क मात्र एकच. कॅमेरे आणि पाहुण्यांचं वायफाय वेगळं ठेवायचं तर दुसरं /६४ लागतं. /५६, म्हणजे त्याहून मोठा गट, दिलं असतं तर अशी २५६ झाली असती. इथे पत्त्यांचा तुटवडा नाही, मग हात आखडता का?

त्यात लाइट गेली की पत्त्याचा सुरुवातीचा भाग बदलतो. मंगळवारी तीनदा गेली. लॅपटॉप जुनाच पत्ता धरून बसला, पानं उघडेनात; वायफाय बंद-चालू केलं तेव्हा सुटलं. कस्टमर केअरचं उत्तर: "मॅडम, नेट चालू आहे ना?"

पाचपैकी तीन तारे. न बदलणारं /५६ द्या, महिन्याला ५० रुपये जास्त द्यायची माझी तयारी आहे.