रटलंड की क्रेव्हन?

इंग्लंडमधल्या या दोन ग्रामीण डिस्ट्रिक्टची (काउंटी म्हणजे जिल्हा, डिस्ट्रिक्ट म्हणजे त्याखालचा विभाग) कथा नेमकी उलटी आहे. १९७४च्या फेररचनेत रटलंडचं काउंटीपण गेलं आणि ते लेस्टरशरचं निव्वळ डिस्ट्रिक्ट झालं. लोकांनी ते कधी मनावर घेतलंच नाही, आणि १९९७ला कारभार पुन्हा रटलंडच्या ओकहॅम गावात आला. क्रेव्हन त्याच १९७४ला जन्मलं, स्किप्टन गावातून चाललं आणि १ एप्रिल २०२३ला नॉर्थ यॉर्कशर कौन्सिलमध्ये विरघळलं. आता रस्ते, शाळा, कचरा सगळं एकाच दारी. सोयीचं खरं, पण ते दार नॉर्थॲलर्टनला, बरंच लांब.

निसर्गात मात्र क्रेव्हनच सरस. मॅलम कोव्हचा सुमारे ८० मीटर उंच चुनखडीचा कडा, आणि वर फरशी घातल्यासारखा सपाट खडक. त्याच्या खोल भेगांत वाऱ्यापासून लपून नेचे वाढतात. रटलंडचा मोठा तलाव माणसाने पाणी अडवून केलेला; त्यासाठी नेदर हॅम्बल्टन हे गाव बुडालं. नॉर्मंटनचं चर्च तेवढं वाचलं, अर्धं भरावात गाडलेलं.

पण ओकहॅमच्या किल्ल्यात जायलाच हवं. पहिल्यांदा येणाऱ्या उमरावाने घोड्याचा नाल द्यायचा, ही तिथली जुनी वहिवाट. भिंतीवर दोनशेहून जास्त नाल टांगलेत, सगळे टोकं खाली करून.