लागेल तेवढंच की थोडं शिलकीत?

सुटे भाग मागवण्याच्या दोन्ही पद्धती टोयोटाच्या एकाच घरात बघायला मिळतात. पहिली, 'जस्ट इन टाइम': सुटा भाग लागेल तेव्हा, लागेल तेवढाच. गोदामाचा खर्च वाचतो, भांडवल अडकत नाही. शिवाय सदोष माल लगेच उघडा पडतो, ढिगाखाली महिनोन्महिने दडून राहत नाही. हा फायदा लोक हमखास विसरतात.

पण १ फेब्रुवारी १९९७ ला टोयोटाला सुटे भाग पुरवणाऱ्या आयसिन कंपनीच्या जपानमधल्या कारिया इथल्या कारखान्याला आग लागली. ब्रेकमधला एक चिमुकला व्हॉल्व्ह जवळजवळ सगळा तिथूनच यायचा आणि हाताशी साठा जेमतेम काही तासांचा! जपानमधल्या टोयोटाच्या बहुतेक उत्पादन लाइन ठप्प झाल्या. इतर पुरवठादारांनी धावून येऊन तो भाग बनवून दिला, म्हणून आठवड्याभरात काम मार्गी लागलं.

दुसरी पद्धत साठ्याची. जपानमधल्या २०११ च्या भूकंपानंतर टोयोटाने पुरवठादारांना चिपचा २ ते ६ महिन्यांचा साठा ठेवायला लावला. २०२१ च्या सुरुवातीला इतर मोटार कंपन्या चिपअभावी अडल्या, तेव्हा टोयोटा बरीच तगली. सप्टेंबरमध्ये मात्र तिलाही नियोजित उत्पादनात सुमारे ४० टक्के कपात करावी लागली.

माझं विचाराल तर सीट, बंपर रोजच्या रोज मागवावेत. एकाच ठिकाणी बनणारा, पर्याय उभा करायला महिने लागणारा भाग मात्र साठवावा, मग तो दहा रुपयांचा का असेना.