माझाच स्टिअरिंग बॉक्स मला नवा म्हणून विकला गेला

माझ्याकडे 1997 सालची मारुती जिप्सी आहे. गेल्या पावसाळ्यानंतर तिच्या स्टिअरिंगला प्ले जाणवू लागला. सरळ रस्त्यावरही गाडी सतत सावरत राहावे लागे आणि स्टिअरिंग दोनेक इंच फिरवले तरी पुढची चाके हलत नसत. कराडजवळच्या एका गॅरेजात मी ती सकाळी सोडली.

दुपारी मालकांनी मला गाडीत बसवून स्वतःच स्टिअरिंग फिरवून पाहायला सांगितले. सकाळचा दोन इंचांचा प्ले आता चांगला वीतभर झाला होता. ‘‘बॉक्स गेलाय साहेब, घाटात काही झालं तर?’’ एवढेच ते म्हणाले. बॉक्स म्हणजे स्टिअरिंगचे फिरणे आतल्या दातांमार्फत चाकांकडे पोहोचवणारी पेटी. जन्मभर मुलांना विज्ञान शिकवले, पण चार तास उभ्या असलेल्या गाडीचा प्ले आपोआप कसा वाढेल, हा साधा प्रश्न मला त्या क्षणी सुचला नाही. नव्या बॉक्सचे मजुरीसह 18,500 रुपये मी दिले. जुना बॉक्स मागितला तेव्हा, तो एक्सचेंजमध्ये जातो म्हणूनच एवढ्यात भागले, असे उत्तर मिळाले. आणि बिल म्हणून वहीच्या कागदावर लिहिलेली चिठ्ठी हाती आली.

गाडी आता घट्ट वाटत होती, त्यामुळे समाधानही झाले. पुढच्या आठवड्यात चिपळूणला जाताना कुंभार्ली घाटातल्या वळणावर मात्र, एरवी हात सैल सोडताच सरळ होणारे स्टिअरिंग वळलेलेच अडकून राहिले आणि मला ते दोन्ही हातांनी ओढून परत आणावे लागले. समोरून एसटी येत होती.

चिपळूणच्या एका वयस्कर मिस्त्रींनी आधी काहीच उघडले नाही. इंजिन बंद, चाके जमिनीवर, अशा स्थितीत त्यांनी पोऱ्याला स्टिअरिंग थोडे थोडे डावी-उजवीकडे हलवत राहायला सांगितले आणि मला टॉर्च घेऊन आपल्यासोबत गाडीखाली वाकायला लावले. कॉलमच्या (स्टिअरिंगच्या दांड्याच्या) जॉइंटपासून बॉक्स, त्यातून बाहेर येणारा ड्रॉप आर्म, मग चाकांकडे जाणारे दांडे म्हणजे ड्रॅग लिंक आणि टाय रॉड, अशी ती हालचाल एकेका भागावर हात ठेवून पाहत जायची आणि ती जिथे शिरते पण पुढे पोहोचत नाही, तिथे दोष समजायचा, ही त्यांची पद्धत. बॉक्सचे चासीवरचे बोल्टही त्यांनी याच वेळी तपासले. ड्रॅग लिंकच्या एका टोकाच्या बॉल जॉइंटचे रबरी आवरण फाटले होते आणि दर हिसक्याला आतला बॉल आपल्या वाटीत नुसताच खडखडत होता. मूळ आजार तेवढाच होता.

मग त्यांनी बॉक्सच्या माथ्यावरच्या ॲडजस्टिंग स्क्रूकडे बोट दाखवले. हा स्क्रू आतल्या दातांमधली फट कमी-जास्त करतो. गाडी बहुतेक वेळ सरळ चालत असल्याने दात मधल्या जागी अधिक झिजतात; तो झिजलेला प्ले जबरदस्तीने काढण्यासाठी स्क्रू प्रमाणाबाहेर आवळला, तर वळणावर, जिथे दात फारसे झिजलेले नसतात, तिथे बॉक्स आवळून बसतो. मला ‘निदान’ दाखवण्याआधी तोच स्क्रू सैल केला गेला असणार आणि पैसे घेतल्यावर तो गरजेपेक्षा जास्त आवळला गेला. पेट्रोलच्या फडक्याने बॉक्सवरचा ताजा काळा रंग पुसताच त्याच्या कडेला छिन्नीचा तिरका टवका दिसला. काही वर्षांपूर्वी ड्रॉप आर्म निघत नव्हता तेव्हा माझ्या डोळ्यांदेखत हातोडा चुकून छिन्नी घसरल्याने पडलेला तो टवका होता.

मी त्या गॅरेजमध्ये परत गेलो, पण दाखवायला हातात फक्त ती चिठ्ठी होती आणि तिच्यावर ना गॅरेजचे नाव होते, ना जीएसटी क्रमांक, ना पार्टचा नंबर. बिल न देणे ही 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार अनुचित व्यापारी प्रथाच आहे, म्हणून 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे. पण गाडी सोडताना त्या स्क्रूला जागेवर घट्ट धरणाऱ्या लॉक नटचा एक फोटो मोबाइलवर काढून ठेवला असता, तर माझी बाजू आज कितीतरी भक्कम असती. वर्षानुवर्षांच्या चिखल-ग्रीसने माखलेल्या नटावर पान्याचे ताजे, चकचकीत ओरखडे लपत नाहीत.

चिपळूणला नवा जॉइंट, स्क्रूची नीट मांडणी आणि अलाइनमेंट मिळून 2,300 रुपये झाले. झिजलेला जॉइंट मिस्त्रींनी मी न मागताच माझ्या हातात ठेवला.